माझा साडू आणि एकवीस पाट्या

रस्त्यावरच्या पाटीशी तोंडानं भांडणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो माझा साडू होता. माणसं बांधावरून भांडतात, पाण्याच्या पाळीवरून भांडतात, लग्नात मानाच्या टोपीवरून भांडतात. माझा साडू लोखंडी खांबावर ठोकलेल्या पत्र्याशी भांडायचा. मोटरसायकल कडेला लावायची, दुधाचे कॅन हलत नाहीत ना बघायचं, डोक्यावरचा लाल पटका घट्ट करायचा आणि पाटीसमोर कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. “खोटं बोलतीस? आन् ते बी सरकारी पगारावर?” इथपासून सुरुवात व्हायची. पुढचं मी लिहीत नाही. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून ऐकायची, हसायची, आणि न्हावऱ्याच्या चौकात जाऊन त्याची नक्कल करून दाखवायची. मीही हसलो आहे. घरी जेवणाच्या ताटावर बसून, त्याच्यासमोर, तोंडात घास असताना हसलो आहे. त्या हसण्याची मला आज इतकी चीड येते की तेव्हाच्या माझ्या तोंडात एक ठेवून द्यावी असं वाटतं.

न्हावऱ्यापासून निघणारा आमचा रस्ता भीमा ओलांडून भांडगावच्या बाजूला सोलापूर रस्त्याला मिळेपर्यंत आमच्या भागात अजूनही काही जण त्याची आठवण ‘पाटीचोर’ म्हणून काढतात. परवा एका लग्नात एका पोरसवदा पाहुण्यानं मला विचारलं, “ते पाटीचोर तुमचे साडू ना?” त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. पण तेव्हा मी ठरवलं की आता पुरे. हे मीच लिहिलं पाहिजे, कारण माझ्याशिवाय हे लिहू शकणारा माणूस उरलेला नाही, आणि माझ्याशिवाय हे लिहिणं भाग असलेला माणूस तर तेव्हाही दुसरा नव्हता.

मी रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर होतो. हुद्द्याला नंतर मोठं नाव मिळालं, पण गावाकडं शेवटपर्यंत ओव्हरसियरच म्हणायचे. साडू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची आक्का, त्याला दिलेली. तोंडावर मी त्याला भाऊ म्हणायचो आणि अहो-जाहो करायचो. लिहिताना एकेरीत लिहितो आहे, कारण तो मनात एकेरीतच राहिला आहे. आमची दोघांचीही घराणी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी. त्याचा आजा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आणि मिरगाच्या आधी माघारी यायचा. ज्या वाटेनं तो मेंढरं हाकायचा त्याच वाटेवर पुढं दुष्काळी कामात खडी पडली, मग डांबर पडलं, आणि त्याचा जिल्हा मार्ग झाला. आजा ज्या माळावर मेंढरं बसवायचा तिथंच साडूची वस्ती. चौदा एकर, त्यातलं बरंचसं खडकाळ, थोडा ऊस, कांदा, आणि सात-आठ गाई. वाडीतल्या डेअरीचं दूध गोळा करून मोटरसायकलवरून मोठ्या संकलन केंद्रावर पोचवायचं काम त्याच्याकडं होतं. म्हणजे त्या रस्त्यावरून सकाळ-संध्याकाळ जाणं-येणं. तो रस्ता त्याला तळहातासारखा पाठ होता. सरकारनं डांबर घातलं म्हणून रस्ता सरकारचा झाला, हे त्याला कधीच मान्य नव्हतं. “तुम्ही नुसतं वरून काळं फासलंय,” तो मला म्हणायचा, “वाट आमची हाय.”

या मालकीहक्कानं तो त्या रस्त्याचा हिशोब मागायचा. किलोमीटरचे दगड ही त्याची पहिली लढाई. न्हावऱ्याकडून मोजत गेलं की सतरा आणि अठरा या दोन दगडांच्या मधलं अंतर कमी भरतं असा त्याला संशय आला. आला म्हणजे डोक्यातच बसला. मोटरसायकलच्या मीटरवर त्याचा विश्वास नव्हता, कारण तो कंपनीनं बनवलेला. मग त्यानं पुढच्या चाकाच्या आऱ्याला लाल चिंधी बांधली आणि आक्काला मागं बसवलं. चिंधी वर आली की तो “एक!” म्हणायचा आणि आक्का डाव्या हातातला चिंचोका उजव्या हातात घ्यायची. गाडी चालण्याच्या वेगानं. मागून येणारे ट्रॅक्टर शिव्या देत बाजूनं जायचे. दीडशेच्या पुढं मोजणी गेली असताना समोरून आक्काची चुलत जाऊ आली, “कुठं निघाली जोडी?” म्हणाली, आणि आक्का हात जोडून हसली. चिंचोके रस्त्यावर. साडूनं जावेला काही म्हटलं नाही. गाडी वळवली, सतराव्या दगडाशी आला आणि म्हणाला, “एक!” दुपारपर्यंत त्यानं सिद्ध केलं की तो किलोमीटर जेमतेम साडेसातशे मीटरचा आहे. खरं होतं ते. काही वर्षांपूर्वी तिथल्या ओढ्याचा वळसा काढून रस्ता सरळ केला होता आणि दगड पुन्हा आखायचा कंटाळा केला होता. मी त्याला समजावून सांगितलं तर उसळला. “माझ्या आज्याच्या वाटंतला पाव किलोमीटर तुम्ही गिळला आन् वर मला वळसा सांगतोस व्हय रे साडू?”

हे मी मजेनं सांगतो आहे, कारण तोपर्यंत ती मजाच होती. पाट्यांचं प्रकरण त्यानंतरचं, नव्वदीच्या मध्यावरचं.

त्या रस्त्यासाठी एकवीस पाट्या मंजूर झाल्या. शिरूरच्या डेपोत पेंटरनं रंगवल्या, न्हावऱ्याकडून क्रमानं यादी केली, आणि त्याच क्रमानं ट्रकमध्ये रचायला सांगितलं. खड्डे आठवडाभर आधीच खणून ठेवले होते. मजुरांनी एवढंच करायचं होतं की न्हावऱ्यापासून सुरुवात करायची, वरची पाटी काढायची, पहिल्या खड्ड्यात रोवायची, सिमेंट ओतायचं, पुढं जायचं. मजुरांतल्या कुणाला वाचता येत नव्हतं, मुकादमाला सहीपुरतं येत होतं. पण त्याच दिवशी भांडगावच्या बाजूला मुकादमाच्या पुतणीचा साखरपुडा निघाला. मुकादमानं विचार केला की उलटीकडून सुरुवात करावी, सकाळी दोन-चार पाट्या रोवाव्यात, सगळ्यांनी साखरपुड्याला जेवावं आणि मग उरलेल्या रोवत न्हावऱ्याला यावं. डोकं चालवलं खरं, पण ट्रकमधला ढीग उलटा केला नाही. त्यामुळे शेवटच्या खड्ड्यात पहिली पाटी, पहिल्या खड्ड्यात शेवटची, आणि मधल्या सगळ्या त्याच हिशोबानं. एकवीसपैकी अकरावी पाटी तेवढी आपल्या जागी बसली, कारण ती कुठूनही मोजली तरी अकरावीच. ती होती ‘पुढे गतिरोधक आहे’. आणि तो गतिरोधक ऊसवाल्या ट्रॅक्टरवाल्यांनी पहारीनं आधीच उखडून टाकला होता.

माझं काम होतं प्रत्येक पाटीपाशी जाऊन बघणं आणि मोजमाप पुस्तकात नोंद करणं. मी शिरूरच्या कचेरीत पंख्याखाली बसून यादीवरून एकवीस ओळी उतरवल्या, खाली ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ असं लिहिलं आणि सही केली. असं सगळेच करायचे. ‘सगळेच करायचे’ हे वाक्य मी तेव्हापासून स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता त्याचा आवाजसुद्धा नको वाटतो.

पुढचे काही महिने साडूच्या आयुष्यातले सगळ्यात संतापाचे आणि, मला वाटतं, सगळ्यात जिवंत महिने होते. ओढ्यावरच्या अरुंद पुलावर ‘पुढे शाळा आहे’. शाळेसमोर ‘अरुंद पूल’. भांडगावकडं जाण्याचा बाण थेट एकाच्या उसात. उघड्या माळावर, जिथं दोन्ही बाजूंना कोसभर बाभळीशिवाय काही नाही, तिथं ‘हॉर्न वाजवा’. साडू तिथं रोज थांबायचा आणि वाजवायचा. पाच पाच मिनिटं. एकदा लांबून एक मेंढपाळ पळत आला, काय झालं म्हणून. साडू म्हणाला, “मला काय हौस आलीया? सरकारनं लिवलंय. तुला बी वाचता आलं असतं तर तू बी वाजवलं असतंस.” दोन वाड्यांच्या नावाच्या पाट्यांचीही अदलाबदल झाली होती, त्यामुळे साताऱ्याकडचं एक वऱ्हाड भलत्याच वाडीत शिरलं. तिथंही त्या दिवशी लग्न होतं. वऱ्हाडानं पानावर बसून जिलबी संपवली तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं की नवरी आपली नव्हे. खऱ्या मांडवात नवरदेवाच्या नावानं शिमगा चालला होता. साडूनं त्या वऱ्हाडाला स्वतः पुढं होऊन योग्य वाडीत पोचवलं आणि मांडवाच्या दारात उभं राहून ओरडून सांगितलं, “पाव्हण्यांची चूक न्हाई! ह्यांनी पाटी वाचली, एवढाच ह्यांचा गुन्हा!”

त्यानं अर्ज लिहायला सुरुवात केली. एकूण सात अर्ज. अर्ज मोठ्या साहेबांच्या नावानं जायचे, मोठे साहेब त्यावर ‘पाहणी करून अहवाल द्यावा’ असं लिहायचे, आणि अर्ज माझ्या टेबलावर यायचा. मी एव्हाना रस्ता पाहिला होता. पहिल्या अर्जानंतर मोटरसायकल घेऊन गेलो आणि सगळा प्रकार बघून घाम फुटला. पण चूक झाली असं लिहायचं म्हणजे पाहणी केली नव्हती असं लिहायचं. आमच्या घराण्यातला पहिला सरकारी नोकर मी. माझी दोन भावंडं अजून माळावर मेंढरं राखत होती, आणि सस्पेंड हा शब्द मला रात्रीच काय, दिवसाही दचकवायचा. मी लिहिलं, ‘पाहणी केली असता पाट्या योग्य ठिकाणी असल्याचे आढळले.’ सात वेळा लिहिलं. त्यावरून मोठ्या साहेबांच्या सहीचं उत्तर साडूला जायचं, आणि ते उत्तर घेऊन तो बाजाराच्या दिवशी शिरूरला माझ्याच घरी यायचा.

“ऐक, साडू. ‘आढळले’ म्हणतोय. डोळं कुठं गहाण ठेवलं हुतं ह्या भाड्यानं?”

माझी बायको भाकरी वाढत म्हणायची, “दाजी, जेवताना तरी शिव्या नका देऊ.”

“मी कुठं नाव घेऊन देतोय? ज्यानं लिवलंय त्याला लागत्याल.”

मी खाली मान घालून जेवायचो. तो मला विचारायचा, तुझ्याच खात्यात आहे, कोण आहे हा माणूस ते बघ जरा. मी म्हणायचो, बघतो. आणि मग तो पुलावरच्या शाळेची नक्कल करायचा, मास्तर कठड्यावर बसलेत, पोरं पाण्यात पाढे म्हणताहेत, आणि मी हसायचो. ते हे हसणं.

यादीत तिसरी पाटी होती ‘धोक्याचे वळण’. साडूच्या वस्तीच्या थोडं पुढं, न्हावऱ्याकडून आलं की उताराला, रस्ता एका जुन्या विहिरीला वळसा घालतो. नवख्याला ते वळण अंगावर येईपर्यंत दिसत नाही. त्या जागी एकोणिसावी पाटी बसली होती, ‘सोलापूर रस्ता २ कि. मी.’. सोलापूर रस्ता तिथून कितीतरी लांब. पण वाचणाऱ्याला वाटायचं की आला हायवे, आणि तो गाडी जोरात सोडायचा, ऐन उतारावर. ‘धोक्याचे वळण’ ही पाटी तिकडं हायवेजवळ, सुतासारख्या सरळ रस्त्यावर उभी होती. एका सकाळी कांद्यानं भरलेला परगावचा टेम्पो वळणावरून थेट शेतात गेला. विहिरीचा कठडा दोन हातांवर राहिला. ड्रायव्हरच्या मांडीचं हाड मोडलं. साडूनंच त्याला बाहेर काढलं आणि दुधाचे कॅन उतरवून, वस्तीवर आलेल्या आमच्या मेव्हण्याला मागं धरायला बसवून, मोटरसायकलवरून शिरूरला दवाखान्यात आणलं. तिथून तो माझ्या कचेरीत आला. धोतर रक्तानं भरलेलं. शिव्या दिल्या नाहीत. “त्यो म्हनला, पाटी वाचली म्हणून पळवली,” एवढंच बोलला आणि गेला.

चार दिवसांनी कचेरीत पोस्टकार्ड आलं. त्याचं अक्षर मी ओळखत होतो. ते मला अजून तोंडपाठ आहे: ‘येत्या सोमवारी दुपारी बारा वाजता दोन पाट्या उपटून जिच्या तिच्या जागी लावणार आहे. बैलगाडी, पहार व सिमेंट माझे. पाट्या सरकारच्या आहेत, त्या सरकारच्याच राहतील. खात्याने माणूस पाठवावा म्हणजे नंतर तक्रार नको. आलेल्या माणसाची जेवणाची सोय वस्तीवर केली आहे.’ आवक क्रमांक टाकायच्या आधी टपालातून ते माझ्या हातात आलं. मी ते खणात टाकलं. सोमवारी मी सुट्टी घेतली.

त्यानं भर दुपारी, रस्त्यावर वर्दळ असताना, पाट्या उपटल्या. तिसऱ्या खड्ड्यातली उपटून गाडीत घातली, बैलगाडीनं एवढं लांब नेली, तिकडची उपटली, तिथं ही रोवली, आणि दुसरी घेऊन माघारी निघाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगत होता, “तिला माहेरी पोचवून आलो, आता हिला नेतोय.” वाटेत नाक्यावरच्या पोलिसानं गाडीत सरकारी पाटी बघितली आणि त्याला अडवलं.

दुसऱ्या दिवशी चौकीत मला खात्यातर्फे बोलावलं. साडू बाकावर बसला होता. मला बघून उठला, आणि त्याचा चेहरा उजळला. हे मला लिहायलाच हवं. आपला माणूस आला, असं त्याला वाटलं.

हवालदारानं विचारलं, “साहेब, ही पाटी मूळची कुठली?”

मी मोजमाप पुस्तक उघडलं. “नोंदीप्रमाणे पाट्या योग्य जागी होत्या. यांनी हलवल्या.”

“ह्यो म्हणतो, कार्ड टाकून कळवलं होतं.”

पुस्तकाच्या त्या पानावर माझी सही होती आणि साडू ती बघत होता. वाचत होता. सातही अहवाल कुणी लिहिले, कुणाला त्यानं माझ्याच घरी बसून शिव्या दिल्या, ते त्या क्षणी त्याला कळलं. मी म्हणालो, “असं कुठलं पत्र कार्यालयाला मिळालेलं नाही.”

तो चिडला नाही. मला वाटतं आयुष्यात ती एकच वेळ. त्यानं हवालदाराला सांगितलं, “मिळालं नसंल. पोस्टाचं काय खरं हाय.” आणि मग माझ्याकडं वळून, पहिल्यांदाच अहो-जाहो करून, “सायब, पंखा लावू का? घामाघूम झालाय तुम्ही.”

संध्याकाळी मी ते कार्ड फाडलं. कोर्टात त्याला थोडका दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली. शिक्षा म्हणून ती काही नव्हती. पण शिक्का बसला. डेअरीनं दुधाचं काम काढून दुसऱ्याला दिलं, चोरीची केस झालेल्या माणसाकडं दूध कसं द्यायचं म्हणून. पंचात बोलावणं बंद झालं. आणि पाट्या? खात्यानं त्या ‘पूर्ववत’ करायचा आदेश काढला. मी स्वतः उन्हात उभं राहून खोटी पाटी पुन्हा खोट्या जागी रोवून घेतली. या वेळी मात्र मी प्रत्यक्ष पाहणी केली होती.

आता सांगतो ते त्या रस्त्यानं जाणाऱ्या ज्या ज्या माणसानं त्याला वेडा म्हटलं त्यानं नीट वाचावं. पाटी हलवायची नाही असा कायदा होता. माणसानं कुठं बसावं यावर कायदा नव्हता. साडूनं वळणाच्या अलीकडं, पाटीच्या बरोबर खाली, एक फाडी दगड आणून ठेवला आणि तो त्याच्यावर बसायला लागला. शेतीचं काम आटोपलं की तिथं. जेवण तिथं. गाडीचा आवाज आला की उठून रस्त्याच्या कडेला यायचा, दोन्ही हात वर करायचा आणि ओरडायचा, “हळू! म्होरं हीर हाय!” त्याचा लाल पटका लांबून दिसायचा. ड्रायव्हर लोकांना पाटीची पर्वा नसते, पण वेडा माणूस गाडीखाली आला तर भानगड होईल म्हणून सगळे ब्रेक दाबायचे. एसटीचे ड्रायव्हर त्याला हॉर्न देऊन रामराम करायचे. रस्ता विचारणाऱ्यांना तो अचूक सांगायचा, फक्त मेंढरांच्या हिशोबानं: “सकाळी निघालं तर ऊन तापायच्या आत पोचतंय.” एका मोटारवाल्यानं चिडून म्हटलं, “आमच्याकडे गाडी आहे हो आजोबा.” तर म्हणाला, “मग सरळ जावा. पर पाटी वाचू नका.” नवरा-बायको भरधाव गेले की मागून ओरडायचा, “आरं, तिला नीट धरू तरी दे!” सहा-सात वर्षं तो तिथं बसला. थंडीत घोंगडं पांघरून, उन्हात पटक्याचं टोक तोंडावर घेऊन. माझ्या माहितीत तेवढ्या वर्षांत त्या वळणावर एकही गाडी उलटली नाही. खात्याच्या कुठल्याही नोंदीत हे नाही. कसं असेल? नोंदी आम्ही लिहायचो.

मी जायचो त्या बाजूला. जावंच लागायचं. तो उठून उभा राहायचा, “या सायब. बसा सायब.” दगड पटक्यानं पुसून द्यायचा. मला त्याच्या शिव्या हव्या होत्या. त्या त्यानं माझ्यासाठी कधी काढल्या नाहीत. साडू म्हणून हाकही मारली नाही.

नवं शतक लागल्यावर रस्ता मोठा झाला. यंत्रं आली, वळण कापून सरळ केलं, विहिरीवर लोखंडी जाळी बसली. नव्या पाट्या लागल्या, उजेडात चमकणाऱ्या, सगळ्या जागच्या जागी. जुन्या वळणाचा तुकडा तसाच बाजूला राहिला, त्यावर लोक ज्वारी वाळत घालायला लागले. आक्का सांगते, पहिले काही दिवस साडू तरीही तिथं जाऊन बसायचा आणि लांबून जाणाऱ्या गाड्या बघायचा. “आता माझं काय काम न्हाई,” म्हणाला, आणि मग घरीच थांबला. दीड वर्षात गेला. आजारी असा नव्हता.

मी निवृत्त झालो होतो. त्याचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी अर्ज लिहिला, माझ्या आयुष्यातला एकमेव खरा अर्ज, की अमुक पाट्या चुकीच्या जागी होत्या, अहवाल खोटे होते, पत्र मिळालं होतं. शिरूरला गेलो. माझ्याच जुन्या टेबलावर बसलेल्या माणसानं तो वाचला आणि माझ्याकडं दयेनं बघितलं. “आजोबा, त्या रस्त्याचा दर्जा बदलला. त्या नंबरचा रस्ताच आता कागदावर नाही. फायली रद्दीत गेल्या.” मी म्हणालो, मला शिक्षा करा. तो म्हणाला, “चहा घेणार का?” राग कुणावर काढावा ते कळेना. कचेरीच्या पायऱ्यांवर मी एकटाच मोठ्यानं बोलत उभा राहिलो होतो. लोक बघत होते. तेव्हा मला कळलं की पत्र्याशी भांडायची पाळी माणसावर कशी येते.

मग आक्काकडं गेलो आणि तिला सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. हात थांबला नाही. “मला काय सांगताय?” ती म्हणाली. “मी त्यांना चोर म्हनले व्हते व्हय? ज्यांनी म्हटलं त्यांच्याम्होरं बोला.”

“कुठं बोलू?”

“डेअरीवर. सकाळी सगळी असत्यात.”

गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आक्काबरोबर वाडीच्या डेअरीवर, कॅन घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसांपुढं, मी रात्री लिहून काढलेली दोन पानं वाचली, कार्डाच्या मजकुरासकट. मापं चालूच होती, झाकणं वाजत होती. वाचून संपलं. मग रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं, साडूच्याच वयाच्या, किटली खाली ठेवली.

“ह्यात नवं काय सांगितलं, सायब? पाट्या उलट्या हुत्या हे आमास्नी दिसत न्हवतं व्हय? रोज त्याच रस्त्यानं जात हुतो.”

“मग त्यांना चोर का म्हणालात?” माझा आवाज चढला. “सगळ्यांना ठाऊक होतं, तर का म्हणालात? दूध का काढून घेतलंत त्यांच्याकडून?”

म्हाताऱ्यानं किटली पुन्हा उचलली. मग म्हणाला, “कागद तुमचा हुता. आमचं नुसतं तोंड.” आणि खाली बघत, “चुकलंच की.” मागं कुणीतरी “व्हय, चुकलं,” म्हटलं. रांग पुढं सरकली. एकेकानं दूध घातलं, पावती घेतली, आणि जाताना माझ्याकडं न बघता आक्काला हात जोडले. मला ते पुरेसं वाटलं नाही. आजही वाटत नाही. भर चौकात ओरडून दिलेलं नाव असं खालच्या आवाजात परत घेता येत नाही.

ऊन वर आलं. डेअरीवाला फरशी धुऊन गेला. मी कागदाची घडी करायला लागलो तेव्हा आक्का भिंतीशी बसली होती, रिकामी किटली मांडीवर धरून.

“आता पुन्ना वाचा,” ती म्हणाली. “मघाशी कॅनच्या आवाजात मला धड आलं न्हाई ऐकू.”

मी तिच्याजवळ फरशीवर बसलो आणि पहिल्यापासून वाचलं. कार्डापाशी आलो तेव्हा तिनं हात वर केला. त्या दिवशीचा स्वयंपाक तिनंच केला होता, पाच माणसांचा, आणि जेवायला कचेरीतनं कोणीच आलं नव्हतं. एवढं तिला ठाऊक होतं. कार्डात त्यानं काय लिहिलं होतं ते मात्र तिनं कधी ऐकलं नव्हतं.

“तेवढंच परत वाचा,” ती म्हणाली. “हळू वाचा.”

मी ते वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती, आणि ‘जेवणाची सोय वस्तीवर केली आहे’ इथं आल्यावर तिनं एकदा मान हलवली, होय, केली होती म्हणून.